कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लग्नाचे फोटो काढतो. नवा कॅमेरा घेतलेली मंडळी फोन करतात तेव्हा लेन्सचं बोलणं पाच मिनिटांत संपतं आणि कार्डाचं अर्धा तास चालतं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली, मुख्यतः कॅमेऱ्यात सर्रास लागणाऱ्या एसडी कार्डाविषयी.

कार्डावर एवढी चिन्हं छापलेली असतात. त्यातलं बघायचं काय?

सगळ्यात मोठ्या टायपातला आकडा सोडून बाकी सगळं. '२०० एमबी/सेकंद' असं जे ठसठशीत लिहिलेलं असतं, तो वाचनाचा वेग. फोटो संगणकात उतरवताना त्याचा उपयोग. कॅमेऱ्याला मात्र कार्डावर लिहायचं असतं, आणि लिहिण्याचा वेग बहुधा त्याहून कमी असतो. तो पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सापडतो, किंवा सापडतच नाही.

त्यापेक्षा कार्डावरची बारकी चिन्हं प्रामाणिक. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १०, यू अक्षराच्या पोटात १ आणि व्ही१० ही तिन्ही चिन्हं एकच गोष्ट सांगतात: सलग लिहिताना वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही. यूच्या पोटात ३ असेल किंवा व्ही३० लिहिलं असेल, तर किमान ३०. व्ही६० म्हणजे किमान ६०, व्ही९० म्हणजे किमान ९०. मोठा आकडा 'जास्तीत जास्त'चा, बारीक चिन्ह 'कमीत कमी'चं. आपल्याला हमी हवी असते ती कमीत कमीची.

काही कार्डांवर ए१ किंवा ए२ असतं. ते मोबाइलमध्ये कार्डावरून ॲप चालवणाऱ्यांसाठी, कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. आणि '१०००एक्स' वगैरे दिसलं तर १५० केबीनं गुणा: हजारपट म्हणजे सेकंदाला १५० एमबी. तोही वाचनाचाच वेग.

१७० किंवा २०० एमबी लिहिलेलं कार्ड घेतलं, पण माझ्या लॅपटॉपवर ९०च्या वर जात नाही. फसवलं का?

नाही. यूएचएस म्हणजे कार्डाशी माहितीची देवाणघेवाण करायची एक पद्धत. कार्डावर तिच्या चिन्हाशेजारी एकच रोमन दांडी असेल, म्हणजे यूएचएस-१ असेल, तर त्या पद्धतीची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. कंपन्या आपल्या खास युक्तीनं त्यावर जातात, पण ती युक्ती कळणारा कार्ड रीडरही लागतो, बहुधा त्याच कंपनीचा. कॅमेऱ्याला ती साधारणपणे कळत नाही. त्यामुळे असं कार्ड कॅमेऱ्यात गेलं की १०४च्या आतच राहतं. कार्ड वाईट नसतं, फक्त त्या मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही.

दोन दांड्यांचं कार्ड, म्हणजे यूएचएस-२, घ्यावं का?

आधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडा. यूएचएस-२ कार्डाच्या पाठीवर पिनांची दुसरी ओळ असते आणि तिच्या जोरावर मर्यादा ३१२ एमबीपर्यंत जाते. पण स्लॉटमध्येही त्या दुसऱ्या ओळीला टेकणाऱ्या पिना हव्यात. नसतील तर कार्ड चालेल, पण पहिल्या ओळीवर, जुन्याच वेगानं. निकॉन झेड ५०चा स्लॉट यूएचएस-१चा आहे. त्यात महागडं व्ही९० घालणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं चाक लावणं.

खरी गंमत दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यात होते. सोनी ए७ मार्क ३मध्ये पहिला स्लॉट यूएचएस-२चा, दुसरा यूएचएस-१चा. माझा एक मित्र वर्षभर वेगवान कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून 'हा कॅमेराच मंद आहे' म्हणून कुरकुरत होता. कॅनन आर६मध्ये दोन्ही स्लॉट यूएचएस-२चे आहेत, तिथे हा घोळ होत नाही.

मी सलग फोटो काढतो, मग कॅमेरा मध्येच अडतो. हा कार्डाचा दोष का?

अर्धा कार्डाचा. हे नीट समजून घेतलं तर कुठलं कार्ड घ्यायचं हा प्रश्न बराचसा सुटतो, म्हणून जरा लांबण लावतो.

मंगलाष्टकं संपत आली. 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडताहेत, हार घातले जाताहेत. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ, आणि परत घे म्हणता येत नाही. आपण बटण दाबून धरतो. कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो आणि एक रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, २५ एमबीची आहे असं धरा. म्हणजे दर सेकंदाला २५० एमबी तयार होतात. हे आधी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत, म्हणजे बफरमध्ये जातात, आणि तिथून कार्डावर उतरतात. बफर ४० फोटोंचा असेल तर त्यात १००० एमबी मावतात.

आता कार्ड सेकंदाला ८० एमबी लिहिणारं असेल, तर आत येतात २५०, बाहेर जातात ८०. सेकंदाला १७० एमबी साचत राहतात. सहाव्या सेकंदाला बफर तुडुंब. त्यानंतर कॅमेरा कार्डाच्या चालीनं चालतो: सेकंदाला जेमतेम तीन फोटो. नवरी हार घालते नेमका तेव्हा. आणि बटण सोडल्यावरही बफर रिकामा व्हायला साडेबारा सेकंद लागतात, तेवढ्यात नवऱ्याची आई डोळे पुसून मोकळी झालेली असते.

हेच १५० एमबीनं लिहिणारं कार्ड असेल तर बफर दहा सेकंद तग धरतो आणि सात सेकंदांच्या आत रिकामा होतो. चांगली व्ही९० कार्डं अडीचशेच्या आसपास लिहितात. मग या उदाहरणात बफर भरतच नाही, अर्थात कॅमेराही तेवढा वेग पेलणारा हवा.

यातून दुसरीही गोष्ट दिसते. तुम्ही एकेक फोटो काढत असाल, कासच्या पठारावर ट्रायपॉड लावून फुलं टिपत असाल, तर बफर कधी भरणारच नाही. तुम्हाला साधं व्ही३० पुरे. ताडोबात वाघ रस्ता ओलांडताना टिपणाऱ्याचं गणित मात्र अंतरपाटासारखंच. आणखी एक फुकटचा उपाय: रॉबरोबर जेपेगही साठवत असाल आणि ती वापरत नसाल, तर ती बंद करा.

४के व्हिडिओसाठी व्ही९० लागतंच ना?

दुकानदार तसं म्हणतात खरं. गोंधळ बिट आणि बाइटचा आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत '१०० एमबीपीएस' लिहिलेलं असतं ते मेगाबिट. आठानं भागलं की बाइट येतात, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. त्याला व्ही३० रग्गड झालं. २०० मेगाबिट म्हणजे २५ मेगाबाइट, तेही व्ही३०मध्ये बसतं. ४०० मेगाबिटचं चित्रीकरण असेल तर ५० होतात, तिथे व्ही६० हवं. व्ही९०ची गरज त्याहून वरच्या पर्यायांना, आणि तो पर्याय तुम्ही खरंच वापरणार आहात का, हे आधी स्वतःला विचारा. काही कॅमेरे वरच्या दर्जाचं चित्रीकरण ठरावीक चिन्हाचं कार्ड असल्याशिवाय सुरूच करत नाहीत. ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

व्हिडिओचे आपोआप ४ जीबीचे तुकडे का पडतात?

३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीनं फॉर्मॅट होतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. ६४ जीबी आणि पुढची कार्डं एक्सफॅटवर असतात, तिथे ही अडचण नाही. तरीही तुकडे पडत असतील तर कॅमेऱ्याचीच तशी रीत आहे. तुकडे जोडले की सलग होतात, काही गळत नाही.

किती जीबीचं घेऊ? एकच मोठं घ्यावं की दोन-तीन लहान?

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल २५ ते ३० एमबी आणि चांगल्या दर्जाची जेपेग १० एमबीच्या आसपास धरा. ६४ जीबीत दोन हजारांवर रॉ मावतात, नुसती जेपेग सहा हजार. १०० मेगाबिटचं व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातं, म्हणजे ६४ जीबीत सुमारे ८५ मिनिटं.

एकच मोठं की अनेक लहान, यावर फोटोग्राफर मंडळींत वाद आहे. एका टोपलीत सगळी अंडी नकोत म्हणून लहान कार्डं, हा जुना पक्ष. पण लहान कार्डं वारंवार बदलावी लागतात, आणि कार्ड मी पाहिलेल्या बहुतेक वेळा बदलतानाच हरवलं आहे: खिशातून पडतं, अक्षतांच्या ताटात जातं, धुवायला टाकलेल्या झब्ब्याबरोबर धुतलं जातं. माझं मत असं: दोन स्लॉट असतील तर दोन्हीत १२८ जीबी घाला आणि दिवसभर कॅमेऱ्याचं झाकण उघडू नका. एकच स्लॉट असेल तर ६४ची दोन-तीन ठेवा, आणि साखरपुडा, हळद, लग्न असं विधीनुसार कार्ड बदला.

६४ जीबीच्या कार्डात ५९ जीबीच का दिसतात?

कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १,०७,३७,४१,८२४ धरतं. भागाकार केला की ५९.६ येतात. कोणी काही खाल्लेलं नाही.

वडिलांचा जुना कॅमेरा कपाटात सापडला. त्यात आजचं कार्ड चालेल?

सध्या हा प्रश्न कॉलेजातली मुलं फार विचारतात, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे रंग त्यांना आवडतात. एसडी कार्ड १९९९मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिकवाल्या मात्सुशितानं मिळून आणलं. आकार तेव्हापासून तोच आहे, पण आतली भाषा तीनदा बदलली. मूळ एसडी २ जीबीपर्यंत. २००६मध्ये आलेलं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत. २००९मध्ये जाहीर झालेलं एसडीएक्ससी ३२च्या पुढे २ टीबीपर्यंत. त्यानंतरच्या एसडीयूसीचा आपल्याला अजून विचार करायला नको. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, जुना कॅमेरा नवं कार्ड वाचत नाही. म्हणून आधी स्लॉटजवळचा शिक्का बघा. नुसतं 'एसडी' असेल आणि कॅमेरा २००६च्या आधीचा असेल, तर २ जीबीचं कार्ड शोधा. कमी वाटेल, पण ६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची जेपेग ३ एमबीच्या आसपास असते, सहाशे फोटो निघतात.

मोठं कार्ड संगणकावर फॅट३२ करून जुन्या कॅमेऱ्याला गंडवा, असं कोणी सांगेल. कधीकधी जमतंही. पण ज्या फोटोंची काळजी आहे ते त्यावर काढू नका.

आणि स्लॉट एसडीचा नसेलच तर? जुन्या ऑलिंपस आणि फुजीफिल्ममध्ये एक्सडी कार्ड, सोनीत मेमरी स्टिक, थोराड एसएलआरमध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश. कॉम्पॅक्टफ्लॅश नवं मिळतं. एक्सडीसाठी जुन्या बाजारातच फिरावं लागेल.

सीएफएक्स्प्रेस म्हणजे काय? मला लागेल का?

तुमच्या कॅमेऱ्यात तो स्लॉट असेल तरच. ही कार्डं लॅपटॉपमधल्या एसएसडीच्या, म्हणजे वेगवान चिपवाल्या डिस्कच्या, जातीची असतात आणि एसडी त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. टाइप ए आकारानं लहान, सोनीनं २०२०मध्ये ए७एस मार्क ३मध्ये आणलं. टाइप बी मोठं आणि अधिक वेगवान, कॅनन आर५ आणि निकॉन झेड ८मध्ये एका स्लॉटला ते लागतं, शेजारचा एसडीचा. ए आणि बी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सोनीच्या त्या स्लॉटमध्ये टाइप ए किंवा एसडी यांतलं कुठलंही चालतं, ही मोठी सोय. निकॉन झेड ६ आणि झेड ७ मूळचे एक्सक्यूडी कार्डाचे, पण फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर टाइप बी घेतात. खर्च धरताना रीडर वेगळा धरा, आधीचा एसडीचा रीडर इथे निरुपयोगी.

मोबाइलचं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून चालेल?

चालतं. अडीअडचणीला मीही वापरलं आहे. पण अडॅप्टरमुळे धातूच्या टेकण्याची एक जागा वाढते, आणि जिथे टेकणं आलं तिथे सुटणं आलं. लग्नाला नको.

बनावट कार्ड कसं ओळखायचं?

बघून ओळखता येत नाही. छपाई, पाकीट, होलोग्राम सगळं हुबेहूब असतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका दुकानातून १२८ जीबीचं कार्ड अर्ध्या भावात घेतलं आणि खूश झालो. एका साखरपुड्याचे शेवटचे साडेतीनशे फोटो त्यावर गेले. कॅमेऱ्यात फाइलींची नावं दिसत होती, घरी उघडायला गेलो तर निम्मी चौकट करडी आणि उरलेल्या उघडतच नाहीत. त्या घरच्यांना फोन कसा केला ते माझं मला माहीत.

यात होतं असं: कार्डाच्या आतल्या नियंत्रक चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा ८ किंवा १६ जीबी, सांगायचं १२८. खरी जागा संपेपर्यंत सगळं सुरळीत, नंतरचं लिखाण आधीच्यावर होतं किंवा हवेत जातं. कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणून तपकीर गल्लीतून घ्या, लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन मागवा, पक्कं बिल घ्या आणि घरी आल्यावर पूर्ण कार्ड भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री ही फुकट साधनं आहेत. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. १२८ जीबीला तासभर लागतो. रात्री लावून झोपा. परत करायची मुदत संपायच्या आत हे उरकायचं, एवढं लक्षात ठेवा.

फॉर्मॅट कुठे करायचं, संगणकात की कॅमेऱ्यात?

कॅमेऱ्यात. ज्या कॅमेऱ्यात वापरणार त्याच कॅमेऱ्यात, आणि फोटो दोन ठिकाणी उतरले आहेत याची खात्री झाल्यावर. एकेक फोटो खोडत बसण्यापेक्षा हे बरं. कार्ड एका कंपनीच्या कॅमेऱ्यातून काढून दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घालताना तर नक्कीच.

चुकून फॉर्मॅट झालं! फोटो गेले का?

बहुधा नाही, पण आधी हात थांबवा. कार्ड बाहेर काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉर्मॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, फोटो जागच्या जागी असतात. नवा फोटो त्यांच्यावर बसला की मात्र खेळ खलास. फोटोरेक हे फुकट साधन फाइली शोधून काढतं. नावं जातात, तारखांचा क्रम विस्कटतो, पण चित्रं मिळतात. सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर घ्या. लो लेव्हल फॉर्मॅटचा, म्हणजे यादीबरोबर आतला मजकूरही पुसणारा, पर्याय निवडला असेल तर आशा कमी. आणि कार्ड संगणकाला दिसतच नसेल तर घरगुती प्रयोग करू नका, डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे न्या.

'कार्ड लॉक आहे' असं येतं, पण मी तर काही केलं नाही.

डाव्या कडेची इवलीशी पट्टी सरकली असेल. ती आतल्या कुठल्याही सर्किटला जोडलेली नसते. ती वर आहे की खाली एवढंच स्लॉट चाचपतो. घालता-काढता घसरते, जुनी झाली की तुटून पडते. तुटली असेल तर त्या खाचेवर सेलोटेपचा बारीक तुकडा लावून त्या दिवसाचं काम निभतं. ते कार्ड नंतर कामातून काढा, टेप स्लॉटमध्ये सुटली तर कार्डापेक्षा महाग पडते.

दोन स्लॉटचं सेटिंग कोणतं ठेवू?

पैसे घेऊन काम करत असाल तर दोन्हीवर तेच, म्हणजे बॅकअप. दुसरा विचारच नको. फक्त दोन्ही कार्डं सारख्या वेगाची घ्या, कारण बफर रिकामा होणं मंद कार्डावर अवलंबून राहतं. हौसेसाठी काढत असाल तर एक भरलं की दुसरं हे ठीक.

पाऊस, दमट हवा, विमानतळाचं एक्स-रे, यांनी बिघडतं का?

एक्स-रेनं काही होत नाही. पाण्यातून निघालेलं कार्डही पूर्ण वाळल्यावर बऱ्याचदा चालतं. वारीत भिजलेली माझी दोन्ही कार्डं अजून चालताहेत, कॅमेरा मात्र दुरुस्तीला गेला. कोकणात पिनांवर काळपट थर चढतो. स्वच्छ कोरड्या कापडानं हलकेच पुसा. खोडरबरानं घासायचा सल्ला देणारे भेटतील, पण त्याचे कण स्लॉटमध्ये जातात.

कार्ड किती वर्षं चालतं? भरलेली कार्डंच कपाटात जपून ठेवली तर?

हौशी वापरात कार्डातल्या पेशी झिजण्याआधी प्लॅस्टिकचं आवरणच उकलतं. मी कामाची कार्डं तीन-चार वर्षांनी बदलतो, त्यामागे शास्त्र कमी आणि भीती जास्त. एकदा जरी वाचताना चूक दाखवली, तर ते कार्ड त्याच दिवशी मुलांच्या खेळण्यात.

भरलेली कार्डं कपाटात ठेवण्याला मात्र माझा ठाम नकार. फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू गळतो, उष्णतेत जास्तच. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेलं कार्ड म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी. फोटो दोन हार्ड डिस्कवर उतरवा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. माझी दुसरी डिस्क साताऱ्याला बहिणीकडे असते, दर दिवाळीला अदलाबदल होते.